रील नको, आधी हिशेब टाका

हल्ली जो तो सांगतो, समाजसेवा करायची तर रील टाका नाहीतर कोणी विचारत नाही. मला नाही पटत हे.

आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात काही रिटायर्ड मंडळी रुग्णसाहित्य देतात, म्हणजे वॉकर, व्हीलचेअर, फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली करता येणारा पलंग), कमोड चेअर, फक्त डिपॉझिट घेऊन, काम झालं की परत आणायचं. कित्येक वर्षं सगळं तोंडी चालायचं त्यामुळे ओळखीपाळखीतल्यांनाच माहीत. तिकडे एमवाय या सरकारी हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळालेल्या बडवानी-झाबुआच्या पेशंटचे नातेवाईक उधार-उसनवार करून व्हीलचेअर विकत घेणार आणि इकडे आमची गॅलरीत धूळ खात पडलेली! मग एकांच्या सुनेने साधी गूगल शीट बनवली. कुठली वस्तू आहे, कुठली बाहेर गेलीये, कधी परत येणार, बस. पेशंटचं नाव नाही, आजार नाही. गूगल मॅपवर पिन टाकली, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि लोक स्वतःहून फोन करायला लागले की आईचा बेड नुसता पडून आहे, घेऊन जा हो.

पैशाचंही तसंच. महिन्याच्या महिन्याला जमा-खर्च टाका, टायर बदलला, टेंपोचं भाडं दिलं, सगळं बिलाच्या फोटोसकट, मग मागा. आमच्यातले एक काका म्हणतात, दान या हाताचं त्या हाताला कळू नये. बरोबर आहे काका, पण ते देणाऱ्यासाठी, संस्थेने हिशेब कशाला लपवायचा? आणि क्यूआर कोड कुणाच्या पर्सनल खात्याचा नको, माणूस कितीही सज्जन असो. संस्था म्हणून सोसायटी रजिस्टर करा, तिचं खातं उघडा.

संस्थेला 80जी, म्हणजे देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी मान्यता, मिळालं की काम वाढतं हेही आधीच समजून घ्या. दरवर्षी 31 मेपर्यंत देणग्यांचा तपशील इन्कम टॅक्सकडे भरा, देणाऱ्याला सर्टिफिकेट द्या. 2000 रुपयांच्या वर कॅश दिली तर त्याला सूट नाही, आणि तो नव्या टॅक्स रिजीममध्ये असेल तर तसंही काही नाही. अमेरिकेतल्या भाच्याने पैसे पाठवतो म्हटलं तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा भिया! भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर चालतं, पण अमेरिकन सिटिझन झाला असेल तर ते एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात येतं, मग तो आपल्या रामबागेत का वाढलेला असेना. क्राउडफंडिंग साइटवर पैसे देताना खाली त्या साइटसाठीच्या टिपची रक्कम आधीच भरलेली असते कधीकधी, तेही बघत जा.

आणि प्लीज, वॉकर घेताना आजोबांना मध्ये उभं करून आठ जणांनी हात लावलेला फोटो नको. वॉकरचा एकट्याचा टाका की.

सध्या शीटवर फाउलर बेड एकही शिल्लक नाही. कुणाकडे पडून असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, टेंपो आम्ही आणतो. गादी नसली तरी चालेल.