कुठे जाणवतंय, काका?

आठ किलोची केटलबेल दिसायला अगदी गरीब असते. लोखंडी गोळा, वर कडी, बस्स. मूळचं हे रशियातलं धान्य तोलायचं वजन. तिकडे याला गिर्या म्हणतात. त्यांच्या जुन्या मापातला एक पूड म्हणजे 16.38 किलो, म्हणून जिमच्या रॅकवर आजही 16, 24, 32 अशी चढती भाजणी दिसते. बाजारात बसून कंटाळलेल्या कुणीतरी ते वजन उचलून दाखवायची पैज लावली असणार. ती आता कोथरूडात मी फेडतोय.

आमचा ट्रेनर माझ्या मुलाहून लहान. म्हणाला, "काका, हे छातीशी धरून खाली बसायचं आणि उठायचं." एवढंच? अहो, मी कोल्हापूरचा. तालमीत बैठका मारलेला माणूस.

कडी दोन्ही बाजूंनी धरली, गोळा छातीला चिकटवला, कोपरं खाली. पाय खांद्यांइतके फाकवले, चवडे जरासे बाहेर. इथवर मी रुबाबदार दिसत होतो, समोर आरसाच होता. मग बसायला लागलो.

"चेस्ट अप! कोअर टाइट! गुडघे आत येतायत, बाहेर ढकला! श्वास! काका, टाचा!"

छाती वर काढली की टाचा सुटतात. टाचा टेकवल्या की छाती पुढे कलंडते. दोन्ही सांभाळावं तर गुडघे एकमेकांची विचारपूस करायला आत येतात. जुन्या कौलारू घरासारखी गत, एक गळती बुजवावी तर दुसरीकडे धार लागते. आणि या धांदलीत श्वास घ्यायचा राहूनच जातो, जो मी जन्मापासून कुणी न शिकवता घेत आलोय.

टाचांवरून मी थोडी हुज्जत घातली. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलायच्याच असतात. "ती बैठक वेगळी, काका. इथे वजन पुढे आहे, त्यानं तोल राहतो. टाच जमिनीवरच हवी." या प्रकाराला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. डॅन जॉन नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं तो काढला, लोकांना नीट बसायला शिकवणं सोपं जावं म्हणून. सोपं!

मग तो खाली वाकून माझे घोटे न्याहाळू लागला. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या नेमक्या फटीत त्यानं खणखणीत आवाजात विचारलं, "काका, घरी कमोड आहे का?"

ट्रेडमिलवरच्या बाईसुद्धा वळून बघायला लागल्या.

म्हणजे उकिडवं बसायची सवय मोडली, घोटे आखडले, असं त्याचं निदान. टाचांखाली दोन पातळ प्लेटा सरकवल्या आणि काय आश्चर्य, मी खाली गेलो. चांगला खोल. कोपरं गुडघ्यांच्या आतून टेकली, पाठ सरळ.

"परफेक्ट! थांबा तिथंच. कुठे जाणवतंय?"

आता याला काय सांगणार? मनगटात जाणवत होतं, मानेत जाणवत होतं, एका जुन्या दाढेतही जाणवत होतं. शेजारी डंबेल मारणारा पोरगा दया येऊन पुटपुटला, "मांडी सांगा, मांडी."

"मांडीत," मी म्हटलं.

ट्रेनरचा चेहरा असा खुलला! पाठ थोपटली, आठची केटलबेल माझ्या हातातून काढून घेतली आणि बाराची दिली.