पुरस्कारेच्छू प्राध्यापकास चार हिताच्या गोष्टी

खानदेशातल्या कुठल्याशा महाविद्यालयात आपण साहित्य शिकवत असाल आणि निवृत्तीच्या दिवशी आपले परिचयपत्र वाचताना सूत्रसंचालकाला मध्येच पाणी प्यावे लागावे अशी आपली इच्छा असेल, तर सर्वप्रथम कथा, कविता, समीक्षा वगैरे वाचन आवरते घ्यावे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांची 2018 सालची नियमावली उशाशी ठेवावी. तिच्यातल्या गुणांच्या तक्त्याइतका रसाळ मजकूर मराठीच्या अभ्यासक्रमात दुसरा नाही. मानव्यविद्येतल्या एका शोधनिबंधाला 10 गुण, अनुवादित पुस्तकाला 8, आंतरराष्ट्रीय पुरस्काराला किंवा फेलोशिपला 7 आणि राष्ट्रीय असेल तर 5. एखादी जाडजूड कादंबरी मराठीत आणण्यात दोन-तीन वर्षे आणि डोळ्यांचा नंबर घालवायचा आणि पदरात 8 गुण पाडून घ्यायचे. उलट आंतरराष्ट्रीय पुरस्कार एका रविवारी दुपारी, जेवणासकट, उरकतो. फरक केवळ एका गुणाचा आहे. शहाण्यास अधिक सांगणे न लगे.

सुरुवात अर्थातच कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या जेआरएफने होते. जानेवारी 2023 पासून तिचे दरमहा 37,000 रुपये झाले आहेत. ते दरमहा मिळतात असा समज मात्र करून घेऊ नये. घरभाड्याची पावती, सहामाही प्रगती अहवाल, मार्गदर्शकांची सही, प्राचार्यांची सही आणि या दोन सह्यांच्या मधल्या काळात रजेवर गेलेला कारकून, एवढ्यांचा योग जुळला की पैसे जमा होतात. तोवर जी उधारी करावी लागते, तिला परिचयपत्रात ‘संशोधनकाळातील संघर्ष’ म्हणता येते, म्हणून तिचीही नोंद ठेवावी.

विषयाची निवड जपून करावी. श्रावणात साक्री-शिंदखेड्याकडच्या एखाद्या गावी जाऊन कानबाई या खानदेशी देवीची गाणी टिपून घ्यावीत, असा मोह अहिराणी कानावर पडत वाढलेल्या माणसाला होतोच. तो टाळावा. तिथली आजी रोटाच्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या, गडबडीत आपल्याकडे पाहणारसुद्धा नाही. पाहिलेच तर रात्री उशिरा गायला बसेल, एकच गाणे आज एका रीतीने आणि उद्या दुसऱ्या रीतीने म्हणेल, आणि यांतले खरे कोणते असे विचारले तर ‘दोन्ही’ म्हणून मोकळी होईल. दोन्ही पाठ नोंदवणे, शब्दांचे अर्थ गावोगाव पडताळणे, गाणारीचे नाव लिहून ठेवणे, या कशालाही तक्त्यात रकाना नाही. त्यापेक्षा बहिणाबाई घ्याव्यात. बहिणाबाईंची कविता आणि पर्यावरण, बहिणाबाईंची कविता आणि स्त्रीजाणीव, बहिणाबाईंची कविता आणि व्यवस्थापनशास्त्र; प्रत्येकी 10 गुण, आणि उद्धृते तीच ती चालतात.

बहिणाबाईंच्या वाटेने स्वतः जाण्याचा विचार मात्र चुकूनही करू नये. आसोद्याची ही बाई अक्षरओळख नसताना शेतात आणि जात्यावर ओव्या रचत राहिली, 1951 साली वारली आणि तिची गाणी छापून निघाली ती 1952 साली. हयातीत शोधनिबंध नाही, बीजभाषण नाही, साधी शालसुद्धा नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे हे खरे, परंतु त्या विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून अर्ज केला असता तर तिची छाननीतच गच्छंती झाली असती. धुळ्यात 1926 साली देह ठेवलेले इतिहासाचार्य राजवाडे हे दुसरे धोक्याचे उदाहरण. गावोगावची दप्तरे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले, पण एकावरही आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, नाही. आणि यावल तालुक्यातल्या सांगवीच्या नेमाड्यांचे नाव पुढे करून कोणी आपले मन वळवू पाहील, तर त्याला एवढेच विचारावे की पहिली कादंबरी 1963 साली आणि ज्ञानपीठ 2014 सालचे, या हिशेबाने आपली वेतननिश्चिती कोणत्या साली होईल?

मोठ्या संस्थांच्या नादी फारसे लागू नये. सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेची अधिछात्रवृत्ती ऐकायला उत्तम. 1888 सालच्या व्हाइसरॉयच्या वाड्यात बसून चिंतन करायला मिळते, पण शेवटी ग्रंथाचे हस्तलिखित हातावर ठेवावे लागते, आणि तिथेच घोडे पेंड खाते. साहित्य अकादमीचे महत्तर सदस्य, म्हणजे फेलो, एका वेळी 21 पेक्षा अधिक नसतात. म्हणजे कोणीतरी वर गेल्याशिवाय जागा होत नाही, आणि तशी वाट पाहत बसणे सभ्य माणसाला शोभत नाही.

तेव्हा आपली भिस्त व्हॉट्सॲपवर येणाऱ्या पुरस्कारांवर असावी. ‘आपल्या साहित्यसेवेची दखल घेऊन निवड करण्यात येत आहे’ या वाक्यानंतर नोंदणी शुल्काचा आकडा येतो. तो येईपर्यंत अभिनंदनाचा फ्लेक्स छापायला टाकू नये, कारण काही संस्था निवासाचे वेगळे घेतात. पुरस्कार राष्ट्रीय कसा होतो, याची चिंता खानदेशी माणसाने तरी करू नये. रावेर ओलांडले की मध्य प्रदेश. बऱ्हाणपूरचा एक पाहुणा व्यासपीठावर बसवला की दोन राज्ये झाली. आंतरराष्ट्रीयसाठी कोणाची तरी सून न्यू जर्सीत असतेच, ती पडद्यावरून पाच मिनिटे शुभेच्छा देते. भरतीच्या तक्त्यात ‘सरकारमान्य संस्था’ अशी एक खोच आहे म्हणा, पण आपली भरती कधीच झालेली आहे.

समारंभात आपला क्रम बहुधा तिसावा-चाळिसावा असेल. छायाचित्रकाराला आधीच गाठून ठेवावे, कारण शाल खांद्यावर पडण्याचा आणि ती पुढच्या मानकऱ्यासाठी सरकवली जाण्याचा क्षण एकच असतो. स्मृतिचिन्ह घरी आणल्यावर खालची पितळी पट्टी नखाने उचकटून पाहावी. क्वचित तिच्याखाली गेल्या वर्षीच्या मानकऱ्याचे नाव निघते. तसे निघाल्यास पट्टी पुन्हा दाबून बसवावी आणि ते चिन्ह दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मागच्या रांगेत ठेवावे. नारळ चटणीला चांगला असतो.

वीस-पंचवीस पुरस्कार झाले की कट्ट्यावर ‘काय भो सर, यंदा कुठला?’ असे विचारू लागतात. त्यातला उपरोध मनावर न घेता आता देणाऱ्याच्या बाजूला यावे. वडिलांच्या नावाने पुरस्कार सुरू करावा, निवड समितीत स्वतःच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झालेले तिघे घ्यावेत, आणि आजवर आपल्याला कोणी कोणी काय दिले याची वही समोर ठेवून पहिल्या दहा वर्षांचे मानकरी आधीच ठरवून टाकावेत. तरीही जाहिरात रीतसर द्यावी आणि प्रवेशिकेसोबत पुस्तकाच्या दोन प्रती मागवाव्यात. त्या परत करण्याचे बंधन नसते. वर्षाअखेरीस गठ्ठा बांधून तालुक्याच्या वाचनालयाला भेट दिल्या की ग्रंथदाते म्हणून तिथेही आपला सत्कार होतो.