गाडीने चढावं, माणसाने का उतरायचं?

चांगला रस्ता म्हटलं की लोक लगेच सांगतात, रुंद हवा, खड्डे नकोत, गाडी सुसाट गेली पाहिजे. मला हे अर्धवट वाटतं. रस्ता नक्की कोणासाठी बांधलाय हे बघायचं असेल तर गल्ली मेन रोडला मिळते त्या कोपऱ्यावर जरा वेळ उभं राहा. फुटपाथ तिथे तुटतो, एखादी आजी गुडघ्यावर हात ठेवून खाली उतरते, मान वळवून वळवून गाड्या बघत पलीकडे जाते आणि परत तेवढंच चढते, आणि हे दर गल्लीला!! गाडीला मात्र सगळं सपाट, ब्रेकसुद्धा लावावा लागत नाही. व्हीलचेअरवर कोणी असेल तर तो तिथेच अडकला.

हे उलटं करता येतं. नेदरलँड्समध्ये अशा ठिकाणी फुटपाथ त्याच उंचीवर सरळ पुढे नेतात, म्हणजे गाडीला छोटा चढ चढून जावं लागतं आणि स्पीड आपोआप कमी होतो, पाटी नको की पोलीस नको. कोपऱ्याची गोलाई पण लहान ठेवायची, कारण मोठ्या गोलाईवर गाडी जोरात वळते आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही वाढतं.

स्पीडचं गणित तर सरळ आहे, ताशी 30 ऐवजी 50 ने गाडी धडकली की धडकेची ऊर्जा जवळजवळ 2.8 पट होते. ऑस्लोमध्ये स्पीड कमी केले, मध्यवर्ती भागातलं रस्त्यावरचं पार्किंग काढलं, आणि 2019 मध्ये तिथे एकही पादचारी किंवा सायकलस्वार अपघातात गेला नाही. एकही नाही.

सिग्नलचं पण तेच. सेकंदाला 1.2 मीटर चाल धरली तर 12 मीटरचा रस्ता 10 सेकंदात होतो, पण हळू चालणारा माणूस 0.8 ने चालतो, त्याला 15 लागतात. म्हणजे तो अजून रस्त्यातच असताना दिवा बदलतो. सर्वात हळू चालणाऱ्याचा हिशोब धरा ना, बाकीचे काय, त्यात आरामात मावतात.

आणि फुटपाथवरच्या त्या पिवळ्या उठावाच्या फरशा! सेइइची मियाके नावाच्या जपानी माणसाने त्या शोधल्या, 1967 मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. ज्याला दिसत नाही त्या माणसाला पायाला वाट कळावी म्हणून. त्याच फरशा थेट खांबावर नेऊन सोडलेल्या दिसल्या की खरंच संताप होतो, त्यावर विसंबून कोणीतरी चालणार असतं हो.

सावली, बसायला बाक, स्वच्छ टॉयलेट, रात्री फुटपाथवरही उजेड (फक्त गाड्यांच्या लेनवर नाही), हे सगळं तर हवंच.

दुकानदार म्हणतात गाड्या बंद केल्या की धंदा बसेल. कोपनहेगनमध्ये 1962 ला स्ट्रॉयेट हा रस्ता चालणाऱ्यांसाठी केला तेव्हा हीच ओरड झाली होती, आज तो शहरातला खरेदीचा मुख्य रस्ता आहे. धंदा माणसं थांबली की होतो, आणि थांबायचं तर आधी नीट चालता आलं पाहिजे.

अजून एक, फुटपाथची रुंदी कागदावर बघू नका. दोन व्हीलचेअर शेजारून जायला साधारण 1.8 मीटर मोकळी जागा लागते, ती झाड, खांब, डीपी बॉक्स, लावलेल्या बाइक सोडून सगळ्यात अरुंद जागी मोजा. तोच खरा आकडा.