सात यार्डांवरून का मारलं? (कमेंटला जरा लांब उत्तर)

दादा, सिग पी३६५ या छोट्या ९ एमएम पिस्तुलाच्या माझ्या रिव्ह्यूवरची तुमची कमेंट वाचली, राग वगैरे अजिबात नाही. "आपली कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटरवरून मारते आणि तुम्ही टेक्सासात बसून सात यार्डांवरून कागदाला भोकं पाडता आणि वर रिव्ह्यू लिहिता", हे वाक्य तर बायकोला वाचून दाखवलं, ती अजून हसतेय. पण तुलना जमत नाही, का ते सांगतो.

नेमबाज राहीची इव्हेंट २५ मीटर स्पोर्ट पिस्तूलची, म्हणजे पॉइंट २२ ची (इंचात गोळीची जाडी) गोळी, साधारण अडीच ग्रॅमची. त्या पिस्तुलाला १४०० ग्रॅमपर्यंत वजन चालतं, ट्रिगर एक किलोचा ठेवता येतो. मी घेतलेलं सिग पी३६५ रिकामं असताना जेमतेम अर्धा किलो, आणि ट्रिगर ओढायला अडीच किलोच्या वर जोर लागतो, म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या पाचपट! वर ९ एमएमची गोळी सात-साडेसात ग्रॅमची. बोट दाबताना अख्खं पिस्तूल हलतं ते यामुळे. आणि पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर बघा, स्पोर्ट पिस्तूलला २२ सेंटिमीटरपर्यंत मिळतं, इथे १३ च्या आसपास. साइट एक मिलीमीटर इकडेतिकडे झाली की सात यार्डांवर, म्हणजे साडेसहा मीटरच्या आतच, गोळी पाच सेंटिमीटर सरकते, आणि २५ मीटरवर तीच १९ सेंटिमीटर. मग तिथून मारून कळणार काय, पिस्तूल कसं आहे की माझा हात कसा आहे? हे बनवलंय जवळच्या अंतरासाठी, कमरेला शर्टाखाली राहावं म्हणून, त्यामुळे टेस्टही जवळूनच.

दुसरं, तुम्ही लिहिलंत "वहिनींसाठी छोटंच बरं, हलकं असतं". हे इथले दुकानदारपण सांगतात आणि मला ते अजिबात पटत नाही. गोळी तीच, पिस्तूल हलकं, मग धक्का जास्त बसणार की कमी? शिवाय स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) आखूड आणि हलकी म्हणून आतली स्प्रिंग कडक, मागे खेचायलाच जोर लागतो, धरायला ग्रिप अपुरी, करंगळी हवेत. नवीन माणूस दोन-चार फायरनंतर आवाजाच्या धास्तीने आधीच मनगट खाली दाबायला लागतो आणि उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या सगळ्या खाली डावीकडे जातात, मग म्हणतात साइट खराब. शिकायचं असेल तर पॉइंट २२, नाहीतर निदान ग्लॉक १९ सारखं जरा भरीव पिस्तूल, रेंजवर भाड्याने मिळतं, विकत घ्यायचीही गरज नाही.

आता "एका दिवसात भरवशाचं कसं ठरवलं?", तर मी भरवशाचं म्हटलेलंच नाही, परत वाचा. आधी साध्या गोल नाकाच्या गोळ्या मारल्या, मग हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेल्या), कारण त्यांच्या तोंडाचा आकार वेगळा असतो आणि मॅगझिनमधून चेंबरमध्ये (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) चढताना अडकलंच तर तिथे अडकतं. अडकलं नाही, एवढंच लिहिलं. मनगट ढिलं धरलं तर असली पिस्तुलं रिकामं काडतूस नीट बाहेर फेकत नाहीत, म्हणून तेही मुद्दाम एका हाताने मारून बघितलं.

आणि "कोणीही उठून विकत घेतं" असंही नाहीये, दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म) भरायचा, मग एफबीआयच्या सिस्टिममध्ये तुमची पार्श्वभूमी चेक. माझ्याकडे ग्रीनकार्ड आहे म्हणून जमलं, एच-१बीवाल्यांना शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर बंदीच आहे.

इंडियात घेऊन येणार का विचारलंत, तर नाही हो, ९ एमएम तिकडे प्रोहिबिटेड बोअरमध्ये (सामान्य माणसाला बंदी असलेल्या प्रकारात) येतं, म्हणून तर लायसन्सवाली मंडळी पॉइंट ३२ घेतात.