मास्कबद्दलचं ते वाक्य बदला
जंगलात गोरिला पाहायला जाण्याबद्दलच्या तुमच्या लेखात 'गोरिला धावून आला तर पळू नका, जागीच खाली बसा' हे अगदी बरोबर लिहिलंय. पण गोरिलांजवळ जाताना घालायच्या मास्कबद्दलचं 'मास्क ही कोरोनाकाळातली उरलेली औपचारिकता' हे वाक्य फार खटकलं. पर्वतीय गोरिला जगात हजाराच्या थोडे वर उरलेत. आपली साधी सर्दी त्यांना लागली तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते. एका कळपाजवळ दिवसाला ८ पर्यटक, तेही तासभरच सोडतात, ते काय उगाच?

आम्ही गेल्या वर्षी युगांडात ब्विंडीच्या जंगलात गोरिला पाहायला गेलो होतो. गटातल्या एका काकांचं नाक आदल्या रात्रीपासून गळत होतं. सकाळी रेंजरने 'कुणाला बरं नाहीये का?' विचारलं, तर काका गप्प! परमिटचे ८०० डॉलर भरलेले, कोण बोलतंय? वर पोचल्यावर १० मीटरचं अंतर आम्ही इमानदारीत पाळलं, पण पिल्लाला कोण सांगणार? ते झुडपातून गडगडत थेट काकांच्या बुटांपाशी. गाइड घशातून हलकेच घुमल्यासारखा आवाज काढत (म्हणजे 'आम्ही भांडायला आलो नाही') आम्हाला मागे सरकवत होता, आणि नेमकी तेव्हाच काकांना शिंक आली. कोपरात तोंड खुपसलं त्यांनी, पण खरं सांगायचं तर मधे होता तो मास्कच. पाठीवर रुपेरी केस असलेल्या त्या धिप्पाड नराने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पाला ओरबाडायला लागला. घाम फुटला तो आम्हाला.

तेवढं वाक्य बदला, प्लीज. उद्या कुणीतरी हेच रेंजरला ऐकवेल.