वर्षाचे किलोमीटर सोडा, एका फेरीचे मोजा

धाकट्या बहिणीचा रात्री फोन आला. "दादा, गाडी ठरली, रंगही ठरला. आता फक्त सांग, पेट्रोल घेऊ की डिझेल?" गाडी हॅचबॅक, पण दमदार. रुंद टायर, कडक सस्पेन्शन, दोन्ही इंजिनं टर्बोची, म्हणजे हवा दाबून आत भरणाऱ्या पंख्याची. मी विचारलं, तू एका वेळी किती चालवतेस? ती म्हणाली, वर्षाला 15 हजार किलोमीटर. मी म्हटलं, वर्षाचं नाही विचारलं गं, एका फेरीचं विचारलं.

वर्षाला अमुक हजारांच्या वर गाडी पळत असेल तर डिझेल, नाहीतर पेट्रोल, हा हिशेब सगळ्यांच्या तोंडी असतो. इंधनाच्या खर्चापुरता तो ठीक आहे. इंजिनाच्या तब्येतीचा मात्र त्यात विचारच नाही, आणि मला त्याची झळ बसली आहे म्हणून एवढं लिहितोय.

माझी आधीची गाडी अशीच डिझेल हॅचबॅक होती. पहिली तीन वर्षं रोज 60 किलोमीटर जायचं, 60 यायचं, तेही मोकळ्या हायवेवर. त्या गाडीवर माझा फार जीव होता. सहाव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर शांत फिरायचं, ओव्हरटेक करायला गिअर बदलावाच लागत नसे, एका टाकीत 900 किलोमीटर सहज व्हायचे. मग नोकरी बदलली आणि ऑफिस 6 किलोमीटरवर आलं. गाडी तीच, चालवणारा तोच. आठ महिन्यांत डीपीएफचा दिवा लागला.

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिचं तापमान 600 अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. हे काम पुरं व्हायला गाडी चांगली तापलेली हवी आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं सलग चालायला हवी. मी तेवढ्यात ऑफिसला पोहोचून चावी फिरवलेली असायची. खुणा दिसत होत्या, मला वाचता आल्या नाहीत. गाडी बंद केल्यावरही पंखा घरघरत राहायचा, न्यूट्रलला इंजिन नेहमीपेक्षा जरा वर फिरायचं. सगळ्यात वाईट म्हणजे डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइलची पातळी चढत होती. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक सफाईतलं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बोसारखी मिनिटाला लाखभर फेरे घेणारी वस्तू फिरवणं म्हणजे तिचं आयुष्य कापणं. दोष गाडीचा नव्हता. माझ्या रस्त्याला ती गाडी आता शोभत नव्हती.

पेट्रोललाही दुखणी आहेत. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण पेट्रोलने ते धुतले जात नाहीत. पण छोट्या फेऱ्या पेट्रोल इंजिन जास्त निमूटपणे सोसतं.

आता स्पोर्टीपणाचं. डिझेलवाले टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचा, आकडा सांगतात आणि समोरचा गप्प होतो. मीही एकेकाळी तेच करायचो. फोक्सवॅगन गोल्फ या हॅचबॅकचीच जोडी घ्या, सातव्या पिढीची. जीटीडी डिझेल 184 पीएस (अश्वशक्ती) आणि 380 न्यूटन मीटर टॉर्क. जीटीआय पेट्रोल 220 पीएस आणि 350 न्यूटन मीटर. टॉर्क डिझेलचा जास्त, तरी शून्य ते शंभर किलोमीटर वेगाला डिझेलला 7.5 सेकंद लागतात आणि पेट्रोलला 6.5. कारण टॉर्क इंजिनाशी मोजतात, आणि चाकापर्यंत जाताना गिअर त्याचा गुणाकार करतात. डिझेल साडेचार-पाच हजारांत थकतं, म्हणून त्याचे गिअर लांब ठेवावे लागतात आणि तो गुणाकार कमी पडतो. शिवाय जीटीडीचा तो 380 सव्वातीन हजारांपर्यंतच टिकतो, जीटीआयचा 350 पंधराशेपासून चव्वेचाळीसशेपर्यंत सपाट चालतो. डिझेलचा तो पहिला जोरदार धक्का मला आजही आवडतो, पण वळणातून बाहेर पडताना ऐन रंगात गिअर बदलावा लागतो. पेट्रोल त्याच गिअरमध्ये सहा हजारांपर्यंत ओढत राहतं, आवाज चढत जातो. पुढच्या चाकांवर वजनही कमी, त्यामुळे नाक वळणात लवकर शिरतं. माझ्यासाठी अशी गाडी घेण्याचं कारणच हे आहे.

डिझेल म्हणजे खेळकर नाहीच, असं मात्र कुणी म्हणू नये. 1998 मध्ये जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगची 24 तासांची शर्यत बीएमडब्ल्यू 320डी या डिझेल गाडीनं जिंकली, 2006 मध्ये फ्रान्समधल्या ल मॉंच्या 24 तासांच्या शर्यतीत ऑडीच्या डिझेलनं बाजी मारली. लांब पल्ला आणि कमी वेळा इंधन भरणं, ही त्याची खरी ताकद. तुमचा रोजचा रस्ता तसा असेल तर डोळे मिटून डिझेल घ्या. त्याच गोल्फचे कंपनीचे आकडे शंभर किलोमीटरला 4.2 लिटर विरुद्ध 6 लिटर असे होते, आणि प्रत्यक्षात दोन्ही वाढले तरी अंतर राहतंच.

जुनी डिझेल घेणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, मीटरवर कमी किलोमीटर बघून खूश होऊ नका. पाच वर्षांत 25 हजार चाललेली डिझेल गाडी बहुतेक कोपऱ्यावरच्या फेऱ्यांतच झिजलेली असते. सलग हायवेवर लाखभर पळालेली मी तिच्याआधी बघेन. मालकाला विचारा, रोज कुठे जायचात. आणि डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलला डिझेलचा वास येतो का ते.

बहिणीला मी दोन आठवडे प्रत्येक फेरी वहीत लिहायला लावली. तिला हे अति वाटलं, पण तिने लिहिलं. 48 फेऱ्या. त्यातल्या 45 पंधरा किलोमीटरच्या आतल्या, सर्वात लांबची 30 ची. ऑफिस, मुलाचा क्लास, आई, परत क्लास. वहीचा फोटो पाठवून खाली तिने एकच शब्द लिहिला, "पेट्रोल."

शनिवारी तिच्याबरोबर चाचणीला जातोय. इंजिन थंड असताना, सकाळची पहिली गाडी आमच्या हातात द्या, असं तिने शोरूमला आधीच कळवून ठेवलंय.