टाकून देतो, मग पाहू

राजेहो, आज सकाळपासून डोकं गरम आहे. पुण्याहून भाच्याचा फोन आला होता. पोरगा दिवसा कंपनीत राबतो आणि रात्री एका लिनक्स डिस्ट्रिब्युशनची (म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या प्रणालीची) पॅकेजेस, म्हणजे त्यातल्या प्रोग्रामांचे गठ्ठे, सांभाळतो, तेही एक पैसा न घेता. चारचौघांत मी अभिमानानं सांगतो हे. पण आज बोलता बोलता म्हणाला, "मामा, प्रिंटिंगचं एक पॅकेज अडून राहिलं होतं, आता बिल्ड झालं. आज टाकूनच देतो. टेस्ट कराले टाइम कोणापाशी आहे? काही बिघडलं तं लोक सांगतीलच."

लोक सांगतील! कोणते लोक, बापा?

आमच्या ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत लिनक्सच्या मशीनवर बसणारी पोरं सांगतील काय? बग (प्रोग्राममधली चूक) कुठं नोंदवायचा, लॉग (मशीननं ठेवलेली नोंद) कुठून काढायचा, इंग्रजीत काय लिहायचं, हे त्यांना माहीत नाही. माहीत असायची गरजही नाही. त्यांना एवढंच कळतं की काल चालत होतं आणि आज चालत नाही. मग हळूच म्हणतात, "सर, ते विंडोजच टाकून द्या ना."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या भरतीच्या वेळची गोष्ट. गावातली एक पोरगी, बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीला, पोलीस भरतीसाठी वर्षभर पहाटे डांबरी रोडवर धावलेली. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी मैदानी चाचणी, पहाटेच निघायचं. संध्याकाळी प्रवेशपत्राची प्रिंट काढायला आली. त्याच दुपारी मशीनवर अपडेट आलं होतं. नेहमीचं, स्टेबल म्हणजे पारखून पक्कं झालेलं म्हणून आलेलं, कुठलाही प्रयोग नाही. कागद बाहेर आला. फोटो बरोबर, बारकोड बरोबर, आणि नावाच्या जागी चौकोन. केंद्राच्या पत्त्याच्या जागी चौकोन. सूचनांच्या ओळीच्या ओळी नुसते रिकामे चौकोन. स्क्रीनवर तेच पान लख्ख मराठीत दिसत होतं. इंग्रजी अक्षरं कागदावरही ठीक उमटली होती, फक्त देवनागरी गेली होती.

आता मला सांगा, ज्यानं ते पॅकेज सोडलं त्यानं एक मराठी किंवा हिंदी पीडीएफ, एकच, छापून पाहिली असती तर हे त्याला दिसलं नसतं? पाच मिनिटांचं काम. इंग्रजी पान छापलं, चाललं, दिलं सोडून. किंवा तेही छापलं नसेल.

आणि हे थांबवायच्या रीती नाहीत असंही नाही. डेबियन हे लिनक्सचं डिस्ट्रिब्युशन १९९३ पासून आहे. तिथं नवीन पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये, म्हणजे कच्च्या मालात, जातं, तिथं निकडीप्रमाणे २, ५ किंवा १० दिवस मुरतं, गंभीर बग निघाला नाही तरच टेस्टिंगमध्ये उतरतं, आणि मग फ्रीझ होऊन, म्हणजे नवे बदल घेणं थांबवून, कुठं स्टेबल निघतं. बुकवर्म नावाचं स्टेबल जून २०२३ मध्ये आलं आणि त्याच्या पुढचं, ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये. दोन वर्षं! लोक नावं ठेवतात, जुनाट म्हणतात. ठेवू द्या. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनात अपडेट आधी टेस्टिंगमध्ये येतं, वापरणारे त्याला बरं-वाईट गुण देतात. उबंटू या तिसऱ्यात निघालेल्या आवृत्तीचं अपडेट साधारण ७ दिवस 'प्रपोज्ड' नावाच्या पारखायच्या खणात थांबतं. दारं बांधलेली आहेत. पण आतल्या माणसानंच 'टाकून देतो' म्हणत मागचं दार उघडलं तर काय करणार?

आपल्याकडे घरचं सोयाबीन पेरायचं असलं तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतात, गुंडाळी करून सावलीत ठेवतात, रोज पाणी शिंपडतात आणि आठवड्यानं मोड मोजतात. सत्तर उगवले तर बियाणं. २०२० च्या खरिपात विकतचं बियाणं किती वावरांत उगवलंच नाही, ते तुम्हा सगळ्यांना आठवतं. 'उगवलं नाही तं शेतकरी सांगतीलच' असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर आपण ऐकून घेतलं असतं काय?

भाच्याला हेच म्हटलं. तो म्हणाला, मामा, सिक्युरिटीचा पॅच असला तर आठवडाभर थांबता येत नाही. ठीक आहे, ते मान्य. पण प्रिंटिंगच्या नव्या आवृत्तीत कुठला आला सिक्युरिटी पॅच?

थांबल्यानं काय वाचतं ते पाहा. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलं की एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदार बसवलं होतं. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत ते पोचलं, स्टेबलमध्ये नाही. स्टेबलमध्ये पोचलं असतं तर जगभरच्या सर्व्हरांचं काय झालं असतं याचा विचार करा. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचा माणूस खोदत बसला आणि ते सापडलं. तो स्वतः अनस्टेबलच वापरत होता, म्हणजे नवीन माल आधी वापरणारे लोकही लागतात, हे कबूल. पण ते स्वखुशीनं तिथं बसलेले असतात, समजून उमजून. आमची पोरगी तिथं बसली नव्हती.

ती रडली नाही. कागद हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तालुक्याले जाऊ काय?" रात्रीचे आठ वाजून गेलेले, तालुक्याची सगळी दुकानं बंद. शेवटी कोपऱ्यातली एक मशीन आठवली. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गेला म्हणून ती कित्येक दिवस बंद होती, त्यामुळे तिच्यावर ते अपडेट पोचलंच नव्हतं. दुसऱ्या मशीनचा एसएमपीएस काढून तिला लावला, प्रिंटर जोडला, प्रिंट काढली. आली, पूर्ण मराठीत. बिघडलेली मशीन होती म्हणून काम झालं, ही काय रीत झाली?

लिहिता लिहिता राग जरा उतरला आहे. भाचा वाईट नाही. रात्री बारा वाजता, दिवसभराचं काम करून, जगात कोणाकोणासाठी पॅकेज बांधत बसणारा पोरगा वाईट कसा असेल? त्याच्यावर ओझं फार आहे आणि हात कमी आहेत. आपण सगळे वापरतो आणि कोणी हात लावत नाही, हेही खरंच.

पण तरी. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. गावोगावच्या शाळांत, पतसंस्थांत पडलेल्या जुन्या मशीनवर लिनक्स टाका, असं आपणच सांगत फिरतो. आपल्या शब्दावर लोक टाकतात. उद्या एखाद्या हेडमास्तरचा टीसी चौकोनांत छापून निघाला तर शिव्या त्या पुण्याच्या पोराला बसणार नाहीत, मला बसतील, तुम्हाला बसतील. आणि एकदा विश्वास उडाला की तो माणूस परत येत नाही. मी पाहिलं आहे.

आणि सगळ्यात जास्त हे टोचतं की बिघडतं ते आपलंच. लॅटिन अक्षरं कधी चौकोन होत नाहीत. ती रोज हजारो लोक न मागता तपासतात. देवनागरीची काळजी आपण घेतली नाही तर कोण घेईल?

तर मी भाच्याला सांगितलं आहे, थांब. आठवडाभर टेस्टिंगमध्ये ठेव. अभ्यासिकेतली एक मशीन मी त्यासाठी वेगळी काढतो. मला अजून माणसं पाहिजेत. दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, कुठलेही असा. एक जुनी मशीन आणि एक प्रिंटर पाहिजे, कसाही चालेल. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डनं एक अर्ज टाइप करायचा, एक सातबारा उतरवून छापायचा, एक मराठी पीडीएफ छापायची आणि कागदाचा फोटो मला पाठवायचा. इंग्रजीत बग मी लिहीन. ज्यांना जमेल त्यांनी खाली नाव लिहा, प्रिंटरचं मॉडेलही लिहा.